राउटरच्या लॉगमधलं पोर्ट स्कॅन: आयपी ब्लॉक करत बसू नका

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये पुन्हा पुन्हा तेच विचारताय: “राउटरच्या लॉगमध्ये रोज पोर्ट स्कॅन दिसतंय, कोणी माझ्या मागे लागलंय का?”

नाही. पोर्ट म्हणजे इंटरनेटवरून आत यायची क्रमांक दिलेली दारं, आणि त्यातली कोणती उघडी आहेत ते बाहेरून चाचपणं म्हणजे पोर्ट स्कॅन. आयपीव्ही४चे, म्हणजे इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते (आयपी) सगळे मिळून साधारण ४३० कोटी. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं स्कॅनर आणलं आणि एकच कॉम्प्युटर पाऊण तासाच्या आत सगळे पत्ते एका पोर्टवर चाचपू लागला. शोडान, सेन्सिस, शॅडोसर्व्हर असे इंटरनेट चाचपणारे सतत फिरत असतात. चोरही फिरतात. त्यांच्यासाठी तुम्ही यादीतला पुढचा आकडा आहात, बस.

आता ते आयपी ब्लॉक करणं. एका दादांनी ब्लॉक केलेल्या पत्त्यांची लांबलचक यादी पाठवलीय. दादा, ज्या ओळीपुढे ‘ड्रॉप’ लिहिलंय, तिथे राउटरने स्कॅन करणाऱ्याला आधीच हाकललंय. उद्या तोच दुसऱ्या पत्त्यावरून येईल. आणि लॉगमध्ये दिसतंय ते अडवलेलं. उघड्या पोर्टमधून आत गेलेलं बरेच राउटर नोंदवतसुद्धा नाहीत! २०१६चं मिराई नावाचं मालवेअर आठवा. टेलनेटचा (दुरून लॉगिन करायची जुनी सोय) पोर्ट २३ उघडा दिसला, की कंपनीने दिलेले साठेक युझरनेम-पासवर्ड लावून बघायचं. एवढ्यावर ढिगाने कॅमेरे आणि डीव्हीआर त्याच्या ताब्यात गेले. कोण आलं हे मोजू नका, तुमच्याकडे काय उघडं आहे ते बघा.

उघडतं कोण? बहुतेकदा यूपीएनपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना राउटरचे पोर्ट आपोआप उघडून घेऊ देणारी सोय. माझ्या मावशीच्या राउटरमध्ये यूपीएनपीच्या टेबलात एक ओळ होती: टीसीपी, ५५४, पुढे कॅमेऱ्याचा पत्ता. कॅमेऱ्याने परस्पर पोर्ट उघडून घेतला होता. घरात कोणाला पत्ताच नाही. याचा मला खरंच राग येतो.

यूपीएनपी बंद करा. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरची सेटिंग बदलायची सोय) बंद करा. फर्मवेअर अपडेट, पासवर्ड बदला, हे तुम्हाला माहीत आहेच.

“एसएसएच २२ वरून २२२२ वर नेलं, झालं की!” असंही कोणीतरी लिहिलंय. (एसएसएच म्हणजे कॉम्प्युटरवर दुरून सुरक्षित लॉगिन करायची सोय, तिचा नेहमीचा पोर्ट २२.) नाही झालं. पोर्ट ६५,५३५ आहेत आणि स्कॅनरला घाई नसते. गोंगाट कमी होईल, दार उघडंच राहील.

तपासायचं असेल तर बाहेरून तपासा. घरच्या वायफायवरून तपासलेलं धरू नका. मोबाइल डेटावर या आणि घरच्या राउटरचाच पब्लिक आयपी (इंटरनेटवर दिसणारा पत्ता) स्कॅन करा. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) चालू असेल तर तिथे सहसा नॅट, म्हणजे घरातली सगळी उपकरणं एकाच पब्लिक पत्त्यामागे ठेवणारी सोय, नसतो, म्हणून राउटरमध्ये आयपीव्ही६ची फायरवॉल वेगळी बघा. कित्येकांची ती बंद असते.