गोठ्यातल्या नुकसानीची मदत

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै २०२१ मधला पूर सत्तरी, डिचोली आणि धारबांदोड्यातली माणसं विसरलेली नाहीत. १९८२ नंतर गोव्यात एवढा मोठा पूर आला नव्हता, असं तेव्हा मुख्यमंत्र्यांनीही सांगितलं. कोसळलेल्या घरांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. गोठ्यांकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. म्हैस खरं तर पट्टीची पोहणारी. पण दावं खांबाला बांधलेलं असलं, तर पाणी चढताना ती जागची हलू शकत नाही.

अशा वेळी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर असे: दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी किंवा डुकराला ४,००० रुपये. कोंबडीमागे १०० रुपये, तेही एका कुटुंबाला जास्तीत जास्त १०,०००. मोठ्या दुभत्या जनावरांची मर्यादा तीन. म्हणजे पाच म्हशी गेल्या तरी पैसे तिघींचेच.

मला हे अपुरं वाटतं आणि ते मी स्पष्ट सांगते. चांगली दुभती संकरित गाय आज या पैशांत येत नाही. शिवाय ही मदत मेलेल्या जनावराची. जी वाचली, पण रात्रभर पाण्यात उभी राहून जिचं दूध आटलं, तिचा यात हिशेबच नाही. सोसायटीच्या केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध घालणाऱ्या बाईचं घर त्याच दुधाच्या पैशांवर चालतं. पेंड उधारीवर आणलेली असते आणि दुकानदार पंचनाम्याची वाट पाहत थांबत नाही. म्हणून निदान ठरलेली रक्कम तरी पंधरवड्याच्या आत खात्यात पडायला हवी.

आपल्या हातात काय आहे, तेही बोलू. जनावर दगावलं की दुर्गंधीच्या धास्तीने आपण घाईने खड्डा खणतो. तसं करू नका. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि तलाठ्याला कळवा. मोबाइलवर फोटो काढा. एक पूर्ण जनावराचा, एक गोठ्यासकट आणि एक अगदी जवळून, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे बाराही आकडे वाचता येतील असा. जनावर वाहून गेलं असेल, तर शेजाऱ्यांचे जबाब पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा. जनावर आपलंच होतं, हे दाखवायला बिल्ल्यासारखा पुरावा नाही. कान दुखेल म्हणून पुष्कळ जण बिल्ला मारून घेत नाहीत. पण जिवंतपणी ज्या जनावराची नोंद नाही, त्याच्यासाठी कचेरीत भांडणं फार कठीण जातं. घरातल्या बाईच्या नावावर गुरं असतील, तर बँक खातंही तिच्याच नावाचं द्या आणि ते आधारला जोडलेलं आहे ना, हे पाऊस सुरू होण्याआधी बघून घ्या.

विम्याचं म्हणाल, तर राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून हप्त्याचा १५ टक्केच वाटा पशुपालकाने भरायचा आहे, बाकीचा केंद्र आणि राज्य सरकार मिळून भरतात. पूर नसताना, आजाराने म्हैस गेली तर आपत्ती निधी कामाला येत नाही, विमा येतो. या आठवड्यात दवाखान्यात वासराला घेऊन जाल, तेव्हा डॉक्टरांना त्याबद्दल विचारा आणि बिल्ल्याचंही काम तिथेच उरकून घ्या.