एमएसच्या निदानात नसांची विद्युत तपासणी

श्रोतेहो, नमस्कार.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, छिंदवाडा अशा ठिकाणांहून नागपूरला दाखवायला येणाऱ्या रुग्णांच्या फायलीत एक कागद बरेचदा सापडतो, तो म्हणजे हातापायांच्या नसांच्या तपासणीचा, एनसीव्हीचा रिपोर्ट. त्यावर 'नॉर्मल' असे लिहिलेले असते आणि सोबत आलेले वडील किंवा भाऊ विचारतात, "डॉक्टर, नसा चांगल्या आहेत तर हिचा पाय लटपटतो कशाने?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, आणि त्याच्या जवळच्या आजारांबद्दल आज बोलताना मी याच प्रश्नापासून सुरुवात करणार आहे, कारण कोणती विद्युत तपासणी कशासाठी करतात हे न कळल्यामुळे निदान लांबल्याचे आम्ही वारंवार पाहतो.

आपल्या शरीरातील बहुतेक जलद मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते आणि त्याच्यामुळेच संदेश वेगाने धावतो. हाताच्या निरोगी नसेत हा वेग सेकंदाला पन्नास मीटरच्या वर असतो. मात्र मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांच्यातील मायलिन एका प्रकारच्या पेशी तयार करतात, तर हातापायांच्या नसांमधील मायलिन वेगळ्याच पेशी तयार करतात. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती पहिल्या प्रकारच्या मायलिनवर हल्ला करते आणि दुसऱ्याला सहसा हात लावत नाही. एनसीव्ही तपासते ती हातापायांची नस. त्यामुळे एमएसच्या रुग्णाचा एनसीव्ही नॉर्मल येणे हेच अपेक्षित असते आणि तेवढ्यावरून आजार नाही असे म्हणता येत नाही. याचा अर्थ ती तपासणी वाया गेली असा नाही. मधुमेहाने बिघडलेल्या नसा, मनगटात दबलेली नस, गिया-बारे सिंड्रोम (प्रतिकारशक्तीने हातापायांच्या नसांवरच केलेला हल्ला) यांच्यातही मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा असतो, आणि ही कारणे शोधण्याचे किंवा बाजूला सारण्याचे काम एनसीव्ही फार चांगले करते.

मेंदूपर्यंतचा मार्ग तपासायचा असेल तर इव्होक्ड पोटेन्शियल या तपासण्या लागतात. मनगटाच्या नसेला हलका विजेचा झटका दिला की निरोगी माणसात सुमारे २० मिलिसेकंदांत मेंदूच्या पृष्ठभागावर त्याची नोंद मिळते. घोट्याच्या नसेपासून निघालेला संदेश लांबचा प्रवास करतो, म्हणून त्याला जवळपास ४० मिलिसेकंद लागतात. कानात टिकटिक आवाज देऊन मेंदूच्या देठाचा मार्गही तपासता येतो. पण एमएसच्या निदानात सर्वांत जास्त उपयोग झाला तो डोळ्याच्या तपासणीचा, व्हीईपीचा, आणि तिच्याबद्दल मी थोडे सविस्तर सांगतो.

रुग्णाला अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसवतात. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन असतात आणि मधोमध एक ठिपका असतो. एक डोळा झाकून, दुसऱ्याने त्या ठिपक्याकडे टक लावून पाहायचे. चौकोन सेकंदाला सुमारे दोनदा आपले रंग बदलतात, काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा होतो, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला पेस्टने चिकटवलेले इलेक्ट्रोड मेंदूचा प्रतिसाद टिपतात. हा प्रतिसाद इतका क्षीण असतो की मेंदूच्या इतर विद्युत हालचालींत तो एकट्याने दिसतच नाही. इतवारीच्या गर्दीत कुणी एकदाच हाक मारली तर ती विरून जाते, पण ठरावीक अंतराने तीच हाक येत राहिली की कान ती बरोबर पकडतो. तसेच शंभराच्या आसपास प्रतिसाद एकत्र करून यंत्र त्यांची सरासरी काढते. सरासरीची ही पद्धत लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून विकसित केली. आलेखावर सुमारे १०० मिलिसेकंदांपाशी एक शिखर दिसते आणि आमची नजर असते ती त्याच शिखराच्या वेळेवर.

१९७२ साली लंडनमधील हॅलिडे, मॅकडोनाल्ड आणि मुशिन यांनी दाखवून दिले की डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेलेल्या रुग्णांत हे शिखर उशिरा येते. याहून महत्त्वाचे म्हणजे नजर पूर्ववत झाल्यावरही हा उशीर बहुधा कायम राहतो. मायलिन पुन्हा तयार होते, पण ते पातळ असते, म्हणून संदेश पोहोचतो खरा, पण रेंगाळत पोहोचतो. समजा, पाय जड झाल्याची तक्रार घेऊन एक तरुणी आली. तिला डोळ्याचा त्रास कधी झाल्याचे आठवत नाही, तक्त्यावरची शेवटची ओळही ती वाचते. तिच्या उजव्या डोळ्याचे शिखर १०२ मिलिसेकंदांवर आणि डाव्याचे १३१ वर आले, तर डाव्या नसेला कधीतरी इजा होऊन गेली असावी असा अंदाज बांधता येतो. एमएसच्या निदानासाठी मज्जासंस्थेत एकाहून अधिक ठिकाणी इजा झाल्याचे दाखवावे लागते, म्हणून या मूक पुराव्याला मोल आहे. एमआरआय आल्यावर निदानात पहिले स्थान त्याने घेतले, ते योग्यच झाले. तरीही एमएसच्या निदानासाठी २००१ साली मांडलेल्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या सुधारणेत डोळ्याच्या नसेला इजेच्या जागांमध्ये स्थान मिळाले आहे आणि ती इजा दाखवण्याच्या मार्गांत व्हीईपीचा समावेश आहे.

मात्र उशीर म्हणजे एमएस, असे समीकरण कुणी मांडू नये. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही हे मार्ग मंदावतात, आणि ही कमतरता औषधाने भरून निघणारी असल्याने ती हुकणे मला फार खटकते. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या, डोळ्याच्या नसेवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करणाऱ्या, एमएससारख्या दिसणाऱ्या आजारात प्रतिसाद पुष्कळदा उशिरा येण्याऐवजी खुजा येतो किंवा उमटतच नाही, परंतु त्याचे निदान आलेखावरून होत नाही. त्यासाठी रक्तातील अ‍ॅक्वापोरिन-४ विरोधी प्रतिपिंडे तपासावी लागतात. ही तपासणी टाळून चालत नाही, कारण एमएसची काही औषधे या आजारात अपाय करतात. आणि विदर्भाच्या पूर्व भागातून कुणी दोन्ही पाय ताठरल्याची तक्रार घेऊन आले, तर त्यांच्या जेवणात लाखोळीची डाळ किती होती हे विचारायलाच हवे, कारण ती दीर्घकाळ फार खाल्ल्यानेही पाय असेच ताठरतात.

नागपूरकरांच्या दृष्टीने तापमानाचा मुद्दा विशेष आहे. निरोगी नस गार पडली की तिचा वेग घटतो, दर अंशाला साधारण दीड ते दोन मीटरने. म्हणून कूलरसमोर किंवा एसीत बसून थंड झालेला हात आम्ही आधी गरम करून घेतो, नाहीतर चांगली नसही आजारी दिसते. मायलिन गेलेल्या तंतूचे मात्र उलट असते. शरीराचे तापमान थोडे वाढले तरी त्यातील संदेश वाटेतच थांबू शकतो. मे महिन्याच्या उन्हातून घरी आल्यावर जुन्या रुग्णाला तासभर धूसर दिसते आणि अंग गार झाल्यावर स्पष्ट दिसू लागते, ते यामुळेच. श्रमानंतर असे तात्पुरते धूसर दिसणे जर्मन नेत्रवैद्य उथॉफ यांनी १८९० साली नोंदवले. हा आजाराचा नवा झटका नव्हे. ताप किंवा संसर्ग नसताना त्रास चोवीस तासांहून अधिक टिकला, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवावे.

व्हीईपीला येताना केस धुऊन, तेल न लावता यावे. आपला नेहमीचा चष्मा आणावा, कारण धूसर चौकोन पाहिले तर आलेखही बिघडतो. बाहुली मोठी करणारे थेंब त्या दिवशी घालू नयेत. झोप पुरेशी घ्यावी, कारण डुलकी लागून नजर ठिपक्यावरून हलली की खोटा उशीर दिसतो. पेसमेकर बसवला असेल तर कोणत्याही विद्युत तपासणीपूर्वी तंत्रज्ञांना सांगावे. आणि पूर्वीचे सगळे आलेख सोबत आणावेत, नुसता 'नॉर्मल' लिहिलेला शेरा नव्हे, तर आकडे असलेले कागद, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या १०४ ची आजच्या ११२ शी तुलना करता येईल.