पापणीतलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

वादळावर कविता लिहायची म्हटली की हात आपोआप मोठ्या शब्दांकडे जातो. रौद्र, प्रलयंकारी, तांडव. मीही एकेकाळी वहीची पानंच्या पानं या शब्दांनी भरली होती. ती वाचून कुणाच्या अंगावर एक थेंबही पडला नसेल.

आता कुसुमाग्रजांची ‘कणा’ आठवा. पुरात होतं नव्हतं गेलेला जुना विद्यार्थी सरांच्या दारात उभा आहे. कपडे चिखलाने भरलेले, केसांवर पाणी. आणि पुराबद्दल तो काय सांगतो? ‘गंगामाई पाहुणी आली, गेली घरट्यात राहून.’ पाहुणी! माहेरवाशीण पोरीसारखी ती चार भिंतींत नाचली म्हणे. पुराचा घोंघाट कवितेत कुठेच नाही. लेक माहेरी आली तर तिला दारात अडवणार कोण? आणि जाताना ती मोकळ्या हाती जाईल कशी? या रीतीभातीच्या बोलण्यातच भिंत खचते, चूल विझते. मागे पापण्यांत थोडं पाणी उरतं, त्यालाही तो प्रसाद म्हणतो. मला नदीचं सगळं बळ त्या ‘थोडे’ या शब्दात दिसतं. घर घेऊन गेली ती, आणि ठेवलं एवढंसं.

मोठे शब्द कुसुमाग्रजांनाही वर्ज्य नव्हते. १९४२ च्या ‘विशाखा’ या कवितासंग्रहातला कोलंबस समुद्रालाच पामर म्हणतो. पण ते शब्द वादळात सापडलेल्या माणसाच्या तोंडचे आहेत, म्हणून शोभतात.

पावसाच्या लहरीपणाचं म्हणाल, तर बालकवींची श्रावणाची कविता आपण शाळेत इतकी घोकली की तिच्यातली गंमतच हरवली. ‘क्षणात येते सरसर शिरवे, क्षणात फिरुनी ऊन पडे.’ एकदा मोठ्याने म्हणून पाहा. छत्री उघडेपर्यंत ऊन पडलेलं असतं.

कालिदास तर ‘मेघदूता’त सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, की मेघ म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा यांचं गाठोडं, तो निरोप कसला पोचवणार! तरी प्रियेपासून दुरावलेला यक्ष त्याला विनवतो, तिच्या अलकानगरीपर्यंतची वाट बारकाईने समजावतो. मेघ शेवटपर्यंत एका शब्दानेही उत्तर देत नाही. यक्षच आपली समजूत घालून घेतो: चातकांनी मागितलं की त्यांनाही तू न बोलताच पाणी देतोस ना?