भिंग घेताना 'किती पट' विचारू नका, आधी फूटपट्टी काढा

नमस्कार मंडळी! आधी हा फोटो बघा.

(मोबाईल कॅमेऱ्याजवळ)

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरचा गेल्या वर्षीचा बाप्पा. शाडूचा, नऊ इंची, रंगकाम माझं. लांबून झकास दिसतोय ना? आता मोठा करतो. उजवा डोळा भक्तांकडे बघतोय आणि डावा थेट तलावपाळीकडे! आखणी मीच केली होती, चाळिशी लावून, तीन झिरोच्या ब्रशने. आरतीच्या वेळी बायको हळूच म्हणाली, "अहो, बाप्पा कुणाची वाट बघतोय का?" विसर्जनापर्यंत मला दुसरं काही दिसलंच नाही.

तर वय 61, हात अजून थरथरत नाही, नजर मात्र जवळ येईना. म्हणून भिंग शोधायला लागलो आणि पहिली चूक केली. घड्याळजी डोळ्याला लावतात तसं ऑनलाइन मागवलं, '20 पट' वाचून. 20 पट म्हणजे भिंगापासून वस्तू किती लांब? सव्वा सेंटिमीटर! तेवढ्या फटीत ब्रश घालणार कसा? शिवाय एकाच डोळ्याने बघायचं म्हणजे खोलीचा अंदाज जातो. टोक टेकलंय असं वाटतं, ते अजून हवेतच असतं.

तेव्हा पटींचा नाद सोडा. त्यात हिशोबाचीही गंमत आहे. एकच दहा नंबरचं भिंग, एक जण '2.5 पट' म्हणून विकतो, दुसरा '3.5 पट' म्हणून. खोटं कुणीच बोलत नाही, सूत्रं दोन आहेत. आपण विचारायचा तो नंबर, म्हणजे डायॉप्टर. शंभराला त्या नंबराने भागा, साधारण तेवढ्या सेंटिमीटरवर स्वच्छ दिसणार. तीन नंबर, 33 सेंटिमीटर. पाच नंबर, 20. दहा नंबर, 10.

आता फूटपट्टी घ्या. रंगवायला बसता तसेच बसा, कोपरं टेबलावर टेकवा आणि घरातल्या कुणाला तरी डोळ्यापासून ब्रशच्या टोकापर्यंत मोजायला सांगा. माझं आलं 30. म्हणून डोक्याला पट्ट्याने बांधायचं, दोन्ही डोळ्यांचं, तीन नंबरचं भिंग घेतलं. हे बघा, हे. दहा नंबरचंही लावून पाहिलं होतं. ब्रशचा दांडा सारखा भिंगावर टक टक आपटायचा. वर मान जरा हलली की सगळं धूसर. भिंग जितकं जोरदार, तितकी स्पष्ट दिसणारी जागा उथळ.

आता खरी गोम. चष्म्यावरून भिंग लावलं की नंबरांची बेरीज होते. माझा लांबचा नंबर जवळजवळ नाहीच, जवळचा अडीच. त्यावर तीनचं भिंग म्हणजे साडेपाच, अंतर झालं 18 सेंटिमीटर! प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी घोळ: वरच्या भागातून बघितलं तर 33, हनुवटी उचलून खालून बघितलं तर 18. एक पापणी काढेपर्यंत मान दोनदा वरखाली. मी आता भिंगाखाली चाळिशी लावतच नाही. आणि ज्यांचा लांबचा नंबर उणे चारच्या आसपास आहे, त्यांनी काही विकत घेण्याआधी नुसता चष्मा काढून बघावा. 25 सेंटिमीटरवर फुकटात स्वच्छ दिसेल. आयुष्यभर जाड काचेवरून चिडवून घेतलंत, त्याची भरपाई समजा.

टेबलाला लावायचं, गोल दिव्याचं भिंग? मानेला आराम. पण मूर्ती फिरवत रंगवणाऱ्याला ते मध्ये येतं. पाटीवर वारली काढणाऱ्यांना चालेल.

उजेड मात्र सोडू नका. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. मी नवा दिवा लावला त्या दिवशी निम्मं काम भिंगाशिवायच झालं, खोटं नाही सांगत. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप, 90 च्या वरचा घ्या, नाहीतर पितांबराचा पिवळा रात्री एक आणि सकाळी दुसराच दिसतो. उजव्या हाताने रंगवत असाल तर दिवा डावीकडे, म्हणजे ब्रशची सावली रेषेवर पडत नाही.

आणि सरळ रेष वाकडी दिसत असेल, किंवा एकाच डोळ्याने धुरकट, तर भिंगाच्या दुकानात नाही, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मोतीबिंदूवर भिंग चालत नाही.

हो, काम झालं की भिंग झाकून ठेवा. गॅलरीतल्या उन्हात माझं राहिलं होतं, खालच्या वर्तमानपत्राला हे एवढं भोक पडलं.

(यंदाची मूर्ती पुढे ओढत)

चला, दिवा लावतो. यंदा डावा डोळा आधी.