फुकटचा पहारेकरी

(आमच्या गावातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या महिन्याच्या बैठकीत बोललो, ते रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलंय. दोनदा तेच बोललेलं आणि माइकची खरखर तेवढी काढलीय, बाकी तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. मला व्याख्यान वगैरे जमत नाही, माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, ग्लास बदलणं, चार्जिंगचा जॅक बदलणं हे माझं काम. पण काउंटरवर दर दोन दिवसांनी एक प्रश्न येतोच, की अरे फोनमध्ये अँटीव्हायरस टाकू का, फुकट आहे म्हणतात. आणि गंमत म्हणजे विचारणाऱ्याच्या फोनमध्ये बहुतेक वेळा आधीच दोन बसलेले असतात, एक क्लीनर, एक बूस्टर, नातवाने टाकलेले नाहीतर एखाद्या जाहिरातीवर चुकून बोट पडून आलेले.

मागच्या वर्षी एक रिटायर्ड गुरुजी आले दुकानात. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली, ओळखीच्याच नंबरवरून, ती उघडली. ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती, म्हणजे आख्खं ॲप. उघडल्यावर ते काहीबाही विचारत गेलं, गुरुजी ओके ओके करत गेले, एसएमएस वाचायची परमिशनपण दिली. रात्रीतून खात्यातले पैसे गेले, कारण ओटीपी येतोय तो त्यांच्याआधी समोरचा वाचतोय. आता ऐका, त्यांच्या फोनमध्ये फुकटचं एक सिक्युरिटी ॲप होतं. मी त्यांच्यासमोर उघडलं तर हिरवीगार टिकमार्क आणि खाली लिहिलेलं, तुमचा फोन सुरक्षित आहे. गुरुजी मला म्हणाले, "अरे मग हे इतके दिवस करत काय होतं?"

त्याचं उत्तर तेव्हा मला नीट देता आलं नाही, आज देतो.

आपल्याला अँटीव्हायरस हा शब्द कॉम्प्युटरवरून माहिती झाला. जुना विंडोजवाला कॉम्प्युटर म्हणजे आपला जुना वाडा होता बघा. दिंडी दरवाजातून एकदा आत शिरलं की माजघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली सगळीकडे फिरता यायचं. चोरालाही, आणि घरातल्या जुन्या गड्यालाही. अँटीव्हायरस म्हणजे तो गडी, त्याला सगळ्या खोल्यांत मुभा, म्हणून तो चोर पकडायचा. अँड्रॉइड फोन तसा नाही, तो फ्लॅट स्कीम आहे. प्रत्येक ॲपचा वेगळा फ्लॅट, वेगळं कुलूप, शेजाऱ्याला शेजाऱ्याचं कपाट उघडता येत नाही. सिस्टिमच तशी बांधलीय, प्रत्येक ॲपला आतून वेगळा युजर नंबर दिलेला असतो. आणि तुम्ही प्ले स्टोअरवरून आणलेलं सिक्युरिटी ॲप, ते काय असतं? तेपण एक भाडेकरूच! वॉचमनचा युनिफॉर्म घातलेला भाडेकरू. त्याला दुसऱ्या फ्लॅटच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. दारावरची पाटी दिसते, म्हणजे ॲपचं नाव, आणि राहायला येताना कुठलं खोकं आणलं ते तपासता येतं, म्हणजे ॲपची मूळ फाइल. चांगल्या कंपनीचं ॲप ते खोकं उघडून आपल्याकडच्या चोरांच्या यादीशी ताडून बघतं, यादीत सापडलं तर ओरडतं. काढून टाकायचं काम मात्र तुमचंच, तो फक्त अनइन्स्टॉल करू का असं विचारू शकतो. यादीत नसलं, कालच कुणीतरी नवीन बनवलेलं असलं, तर हिरवी टिकमार्क. गुरुजींचं बहुतेक तेच झालं.

हे झालं चांगल्या ॲपचं, आता बाकीच्यांचं सांगतो, कारण हा भाग मला फार आवडतो.

ऑस्ट्रियात इन्सब्रुक नावाचं गाव आहे, तिथे एव्ही-कम्पॅरेटिव्हज म्हणून संस्था आहे, अँटीव्हायरस तपासायचं कामच ती करते. त्यांनी २०१९ साली प्ले स्टोअरवरची २५० अँटीव्हायरस ॲप घेतली आणि आदल्या वर्षातली सगळ्यात जास्त पसरलेली २००० वाईट ॲप त्यांच्यासमोर ठेवली. नवीन काही अवघड नाही, माहितीतलेच चोर, फोटोसकट. अपेक्षा किती ठेवली? शंभरातले तीस पकडा आणि साध्या माणसाला चोर म्हणू नका, बस. पस्तीसला पास करणाऱ्या आपल्या बोर्डापेक्षाही सोपा पेपर. २५० पैकी पास झाली ८०. शंभर टक्के पकडणारी फक्त २३. म्हणजे दर तीन ॲपमधली दोन नापास.

आणि नापास कशी झाली ते ऐका. काही ॲप खोकं उघडतच नव्हती, फक्त पाटी वाचत होती! त्यांच्याकडे चांगल्या नावांची एक यादी, त्यात नाव असेल तर चांगला, नसेल तर चोर. पाटीची सुरुवात ॲडोबीच्या नावाने असली की सोडा आत. मग चोराने काय करायचं, पाटीवर तेच नाव घालायचं, झालं काम. आणि कळस म्हणजे त्यातली काही ॲप यादीत स्वतःचंच नाव घालायला विसरली, आणि स्कॅन केल्यावर स्वतःलाच व्हायरस म्हणून पकडून दाखवू लागली. (हशा) हसू नका, खरं आहे. फोनमध्ये पकडलेला एकमेव चोर म्हणजे वॉचमन स्वतः.

आता कुणी म्हणेल की बिनकामाचं आहे ना, असू दे पडून, खातंय काय. खातं की! बॅटरी खातं, जागा खातं, दिवसातून चारदा नोटिफिकेशन पाठवून घाबरवतं, १.२ जीबी कचरा सापडला वगैरे. तो कचरा म्हणजे बहुतेक वेळा ॲपने पटकन उघडावं म्हणून बाजूला ठेवलेलं सामान, कॅश म्हणतात त्याला, ते साफ केलं की परत तेवढंच साठतं. रॅम मोकळी करणं तर अजूनच फालतू, अँड्रॉइड ते स्वतः करतं, तुम्ही बंद केलेलं ॲप परत सुरू व्हायला उलट जास्त बॅटरी लागते. २०२० च्या जूनमध्ये आपल्या सरकारने ५९ ॲप बंद केली, सगळीकडे चर्चा टिकटॉकची झाली, पण त्या यादीत क्लीन मास्टर होतं, डीयू क्लीनर होतं आणि व्हायरस क्लीनर नावाचंही एक होतं. ती बंद झाल्यावर कुणाचा फोन हळू झाला असं माझ्या दुकानात तरी कुणी येऊन सांगितलं नाही.

आणि फुकट म्हणजे पैसे कुठून येतात हे पण बघायला पाहिजे की. अवास्ट नावाची प्रागची कंपनी, अँटीव्हायरसमधलं मोठं नाव, आणि खरं सांगतो त्यांचा व्हायरस पकडण्यात दर्जा चांगलाच होता. पण त्यांचीच एक पोटकंपनी होती जम्पशॉट नावाची, ती लोक इंटरनेटवर काय काय बघतात त्याची माहिती विकायची, आणि ती माहिती यायची कुठून तर यांच्याच ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमधून, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधून, आणि अँटीव्हायरसमधून. २०२० च्या जानेवारीत पत्रकारांनी ते बाहेर काढलं, कंपनीने जम्पशॉट बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. फेसबुकचं तर याच्याही वरचं. त्यांनी २०१३ मध्ये ओनावो ही इस्रायली कंपनी घेतली, तिचं व्हीपीएन ॲप होतं, म्हणजे तुमचं इंटरनेट आपल्या कॉम्प्युटरमधून फिरवून नेणारं, नाव काय तर ओनावो प्रोटेक्ट. लोकांना वाटायचं आपला डेटा सुरक्षित जातोय, तो जायचा फेसबुकच्या हातून, आणि कुठलं ॲप लोक किती वापरतात हे त्यांना घरबसल्या दिसायचं. ऑस्ट्रेलियातल्या कोर्टाने यासाठी २०२३ साली २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. म्हणजे वॉचमनने चोर घरात घुसू दिला नाही हे खरं, पण तुम्ही कुठे जाता, कुणाकडे जाता, पिशवीतून काय आणता, हे सगळं वहीत लिहून तिसऱ्याला द्यायचं.

अजून एक प्रकार, तो सगळ्यात वाईट. २०२२ मध्ये चेक पॉइंट या कॉम्प्युटर सुरक्षेचं काम करणाऱ्या कंपनीच्या लोकांना प्ले स्टोअरवरच सहा अँटीव्हायरस सापडली, पंधरा हजारांवर डाउनलोड झालेली, आणि त्यांच्या पोटात शार्कबॉट, बँकेचे पासवर्ड पळवणारा. प्ले स्टोअरवर बरं का, कुठल्या लिंकवर नाही. जास्त फटका बसला इटली आणि ब्रिटनला. त्या प्रोग्राममध्ये असं लिहिलेलं होतं की फोन चीनचा, भारताचा, रशियाचा वगैरे असेल तर गप्प बसायचं. आपल्याला सोडलं! आता यात आनंद मानायचा का अपमान ते तुम्ही ठरवा.

हे शार्कबॉट आत शिरल्यावर मागतं काय, तर ॲक्सेसिबिलिटी. हा शब्द लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. ज्यांना दिसत नाही किंवा बोटं नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी फोनमध्ये ही सोय आहे, ती दिली की ॲपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंसुद्धा दाबता येतात. म्हणजे फ्लॅटची कुलपं राहिली कुलपाच्या जागी, मास्टर चावीच दिली की हो. आणि मजा अशी की काही चांगली सिक्युरिटी ॲपपण हीच चावी मागतात, ब्राउझरमध्ये तुम्ही कुठली साइट उघडली ते वाचून धोका सांगायला. त्यांचं कारण खरं असतं, पण चोर आणि वॉचमन दोघं एकच चावी मागत असतील तर सत्तर वर्षांच्या माणसाने ओळखायचं कसं? म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, कुणालाच देऊ नका. सेटिंगमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटी उघडा, तिथे कुणाच्या नावापुढे चालू लिहिलंय ते बघा, ओळखीचं नसेल तर बंद. दोन मिनिटांचं काम आहे, आता बोलणं झाल्यावर इथेच करू, फोन घेऊन पुढे या.

मग काहीच टाकायचं नाही का? असं नाही म्हणत. पहिली गोष्ट, एक वॉचमन सोसायटीचा स्वतःचा आहेच, प्ले प्रोटेक्ट, २०१७ पासून. प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यात तुमच्या फोटोवर दाबा, तिथे आहे. तो भाडेकरू नाही, बिल्डरचा माणूस आहे, त्यामुळे घातक ॲप तो स्वतः बंदही करू शकतो. परफेक्ट आहे का, नाही, शार्कबॉट त्याच्याच नाकाखालून आलं. पण कुठलाही फोनवरचा माणूस "प्ले प्रोटेक्ट जरा बंद करा, मग ॲप चालेल" म्हणाला की तिथेच फोन ठेवायचा. दुसरं, फोनचे सिक्युरिटी अपडेट. ते पुढे ढकलू नका, आणि कंपनीने ज्या फोनला अपडेट देणं बंद केलंय त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका, यूट्यूब बघायला वापरा. मी नवीन फोन विकत नाही, त्यामुळे हे मी धंद्यासाठी सांगत नाहीये.

आणि वरून टाकायचंच असेल तर अशा कंपनीचं टाका जिचं पोट दुसरीकडे भरतं, म्हणजे ती पैसे घेऊन अँटीव्हायरस विकते आणि फुकटच्या आवृत्तीचं ॲप नमुना म्हणून देते. क्विक हील आपल्या पुण्याची, ते काटकर बंधू मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, थोरले कैलासराव कॅलक्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्या संजयरावांनी अँटीव्हायरस लिहिला. रिपेअरिंगवाल्याचं कौतुक मी करणारच. पण त्यांचंही डोळे झाकून घेऊ नका, इन्सब्रुकवाले आणि जर्मनीतले एव्ही-टेस्टवाले निकाल वेबसाइटवर फुकट टाकतात, नातवाला वाचायला सांगा. सरकारी एम-कवच २ आहे, सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेच्या हैदराबाद केंद्राने बनवलेलं, तेही फुकट. आणि संचार साथी, ते अँटीव्हायरस नाही बरं, पण हरवलेला फोन ब्लॉक करायला आणि तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघायला फार कामाचं. मध्यंतरी २०२५ च्या शेवटी ते प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकायचा सक्तीचा हुकूम सरकारने काढला होता, ओरड झाली, डिसेंबरमध्ये मागे घेतला. तुम्ही मनाने टाकलं तर चांगलंच आहे.

पण डिजिटल अरेस्टचा व्हिडिओ कॉल आला, पोलिसाच्या वेशातला माणूस दरडावतोय, तुम्ही घाबरून स्वतःच्या हाताने पैसे पाठवताय, तिथे कुठलंच ॲप आडवं येत नाही, फुकटचं नाही आणि विकतचंही नाही. त्यात व्हायरस नसतोच ना. पैसे गेले की रडत बसू नका, लगेच १९३० लावा, सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे तो, जितकं लवकर लावाल तितके पैसे मधल्या खात्यात अडकण्याची शक्यता जास्त. गुरुजींनी दोन दिवस लाजेने कुणालाच सांगितलं नव्हतं.

(श्रोत्यांतून प्रश्न: आयफोनला लागतं का?)

काका, आयफोनमध्ये तर दुसऱ्या फ्लॅटची पाटीसुद्धा दिसत नाही. तिथे अँटीव्हायरस नावाने जे मिळतं ते फोटो लपवायची तिजोरी, वेबसाइट फिल्टर, व्हीपीएन असलं काहीतरी असतं. फोन स्कॅन करतो म्हणत असेल तर तो नाटक करतोय.

(प्रश्न: म्हणजे पैसे भरून घेतलेलं ॲप खात्रीचं, असंच ना?)

नाही हो मावशी, तेवढं सरळ असतं तर काय पाहिजे होतं. २०१४ मध्ये प्ले स्टोअरवर व्हायरस शील्ड नावाचं ॲप आलं, विकतचं, ३.९९ डॉलरला. दहा हजारांवर लोकांनी घेतलं, रेटिंग पाचपैकी ४.७, नव्या विकतच्या ॲपमध्ये पहिल्या नंबरावर. अँड्रॉइड पोलिस या वेबसाइटवाल्यांनी आतला कोड उघडून बघितला तर त्यात फक्त एक चित्र होतं फुलीचं आणि एक टिकमार्कचं, तुम्ही बोट लावलं की फुलीची टिकमार्क व्हायची, बाकी काही नाही, आख्ख्या ॲपचं काम तेवढंच. गूगलने मग सगळ्यांना पैसे परत केले आणि वर ५ डॉलरचं क्रेडिट दिलं, त्यामुळे माझ्या माहितीत गिऱ्हाइकाचा फायदा झालेलं खोटं अँटीव्हायरस ते एकच.

चला, ॲक्सेसिबिलिटी बघायला कोण येतंय आधी? चष्मा घेऊन या, अक्षरं बारीक असतात.