एक पेनी आणि अकरा घरं

सगळ्यांना जय ख्रिस्त. पाळकसाहेब म्हणाले की मेथडिस्ट मंडळीचा इतिहास थोडक्यात सांगा, तर मी सुरुवात कर्जापासून करते. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांनी १७३९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला सभेसाठी इमारत उभी केली, न्यू रूम, आणि तिचं कर्ज काही फिटेना. १७४२ च्या फेब्रुवारीत मीटिंग बसली तेव्हा फॉय नावाच्या एका कॅप्टनने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची. लगेच कोणीतरी म्हणालं, आपल्यात कितीतरी गरीब आहेत, त्यांना तेवढंही जमणार नाही. तर हा कॅप्टन म्हणतो, मग सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमेल तेवढं ते देतील, कमी पडेल ते मी भरीन.

मला आपल्या चर्चचा सगळा इतिहास या एका बोलण्यात दिसतो.

कारण पुढे काय झालं, बारा-बारा जणांचे गट पडले, त्यांना क्लास म्हणायला लागले, आणि लीडर दर आठवड्याला घरोघरी पेनी मागायला जायचा तर दार उघडल्यावर आत काय चाललंय ते दिसायचं, कुठे नवराबायकोचं भांडण, कुठे माणूस दारू पिऊन पडलेला. वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हेच तर हवं होतं, पैसे नुसतं निमित्त.

आपल्या मुंबईतही असंच झालं. १८७१ ला विल्यम टेलर हे अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक इथे आले आणि आधी लोकांच्या घरातच फेलोशिप बँड, म्हणजे प्रार्थनेचे छोटे गट, सुरू झाले, त्यातून मंडळी उभी राहिली. जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी त्यांना येऊन मिळाले, ते १८४८ पासून मुंबईत होते, मिशनचा पगार सोडून गरिबांमध्ये अगदी साधेपणाने राहायचे, परत अमेरिकेला गेलेच नाहीत, १८८८ ला वारले. कुलाब्यातलं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं.

आता माझ्या घरचं सांगते. १९८२ च्या गिरणी संपात वडील घरी बसले. महिला सभेच्या एक काकू दर महिन्याला मंडळीची वर्गणी न्यायला यायच्या, पर्समध्ये पावतीपुस्तक. आई दारातच म्हणाली, काकू या महिन्याला नाही हो जमणार. काकू काही बोलल्या नाहीत, आत आल्या, पाणी मागितलं, आणि पाणी पिता पिता स्वयंपाकघरात नजर टाकली, स्टोव्ह थंड होता. त्यांनी आमच्या नावाची पावती फाडली, पैसे स्वतःचे घातले आणि संध्याकाळी त्यांचा मुलगा तांदूळ, डाळ, रॉकेल घेऊन आला. संप लांबला तेवढे महिने आमच्या नावाची पावती फाटत राहिली, मंडळीत कोणाला कळलं नाही. काकूंना फॉय कॅप्टन माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

आज आपल्याकडे सगळं होतं, संडे स्कूल आहे, युथचं कॅरल सिंगिंग आहे, हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, लिलावात एक दुधीभोपळा चार-चार वेळा विकला जातो कारण घेणारा तो परत टेबलावर ठेवतो आणि मला ते बघायला खरंच फार आवडतं. पण वर्गणी आता फोनवरून जाते. सोयीचं आहे, मी पण तशीच भरते, फक्त त्यामुळे पावतीपुस्तक घेऊन दारात येणारं माणूस गेलं, आणि एखादं कुटुंब चार रविवार दिसलं नाही तर आपण गावी गेले असतील म्हणून सोडून देतो. कॉटेज प्रार्थना, म्हणजे घरी जमून करायची प्रार्थना, तीसुद्धा फिरून फिरून त्याच सात-आठ घरी होते, जिथे हॉल मोठा आहे तिथे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारे बोलवायला लाजतात, आणि आपण विचारत नाही.

म्हणून सेक्रेटरींना सांगून एक यादी काढलीये, वर्षभरात मंडळीतलं कोणीच ज्यांच्याकडे गेलं नाही अशी घरं. रजिस्टर बाहेर चहाच्या टेबलावर आहे. पहिली अकरा मी माझ्या नावावर लिहिलीयेत, मंगळवारी परळपासून सुरुवात करणार आहे, कोणाला सोबत यायचं असेल तर संध्याकाळी सहाला गेटपाशी या.