बडतर्फीचे पत्र देण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूर परिसरातील शिवाजी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील अनेक छोटे कारखाने मालक स्वतः उभे राहून चालवतात. तिथे वेगळा कार्मिक विभाग नसतो आणि कामगाराशी खटका उडाला की रागाच्या भरात ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे बोलले जाते. पुढे समेट अधिकाऱ्याची, म्हणजे मालक-कामगार वादात तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, नोटीस आली की मालक वकिलाकडे धाव घेतात. पण माझ्या मते तोवर निम्मा दावा हातचा गेलेला असतो, कारण कामगार चुकला होता की नाही यासोबतच त्याला कोणत्या रीतीने काढले, हेही न्यायालय तपासते.

समजा, फौंड्रीतील एका मोल्डरने, म्हणजे साचे बनवणाऱ्या कामगाराने, पर्यवेक्षकाला शिवीगाळ केली. त्याला काढण्यापूर्वी आरोपपत्र देऊन कारखान्यातच चौकशी करायची असते. त्या आरोपपत्रात नुसते ‘गैरवर्तन केले’ असे लिहून भागत नाही. तारीख, पाळी, वेळ, उच्चारलेले शब्द आणि ते ऐकणारे कोण, हे सारे त्यात यावे लागते. खुलासा देण्यास पुरेसा अवधी द्यावा, ज्याच्याशी भांडण झाले त्यालाच चौकशी अधिकारी नेमू नये आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी कामगाराला द्यावी. कामकाजाच्या प्रत्येक पानावर त्याची सही घ्यावी आणि त्याने नकार दिला तर तशी नोंद करून हजर असलेल्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. चौकशीत त्रुटी राहिली तरी न्यायालयापुढे पुरावा देऊन आरोप सिद्ध करता येतो. मात्र ती संधी आपल्या लेखी कैफियतीतच, म्हणजे न्यायालयात दिलेल्या लेखी उत्तरातच, मागून ठेवावी, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

‘आम्ही काढलेच नाही, तोच यायचा बंद झाला’ हा मालकांचा नेहमीचा बचाव आहे. तो खरा असेल तर कामावर हजर होण्याविषयी त्याच्या घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवलेली पत्रे दाखवता आली पाहिजेत. ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आलेला लिफाफा न फोडता तसाच जपून ठेवावा. हा बचाव घेणाऱ्याने समेटाच्या पहिल्याच बैठकीत कामगाराला कामावर येण्यास लेखी सांगावे, म्हणजे त्या म्हणण्याला वजन येते. नोकरीला ठेवतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन पुढे त्याचा राजीनामा करण्याची चाल मात्र कोणी खेळू नये. ती लबाडी आहे आणि उलटतपासणीत बहुधा उघडी पडते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असून, तिच्यानुसार बडतर्फीचा वाद दोन वर्षांच्या आत समेट अधिकाऱ्याकडे नेता येतो. म्हणून कामगार गेला तरी त्याच्या पाळीचे हजेरीपत्रक आणि पगारपत्रक रद्दीत घालू नये. बडतर्फ कामगाराचे राहिलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यावे लागते. ‘आधी केस मागे घे, मग पैसे देतो’ असे म्हणणाऱ्या मालकाविषयी न्यायालयाचे मत पहिल्याच तारखेला बिघडते.

हरल्यास खरा भार मागील वेतनाचा, म्हणजे कामगार कामाबाहेर राहिला त्या काळातील पगाराचा, असतो. बडतर्फी बेकायदा ठरली तर कामावर परत घेण्याबरोबर मागील वेतन देणे हा सर्वसाधारण नियम असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. आपण दुसरीकडे कमावत नव्हतो, असे कामगाराने शपथेवर सांगितले की तो कमावत होता, हे सिद्ध करणे मालकावर येते. दावा जितका लांबेल तितकी ही रक्कम वाढत जाते. त्यामुळे आपली चौकशी कच्ची आहे असे वकील प्रामाणिकपणे सांगत असेल, तर समेटाच्या टप्प्यावरच देय रक्कम आणि तडजोडीची रक्कम वेगवेगळी दाखवून लेखी करार करावा आणि त्यावर समेट अधिकाऱ्यासमोर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात.